वडिलांच्या नावचा फ्लॅट: विकण्याआधी, वाटण्याआधी, पाडण्याआधी

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी, वाशी, नेरूळ. या भागांत ऐंशी-नव्वदच्या दशकात दोन-तीन लाखांत घेतलेले फ्लॅट आता पुढच्या पिढीकडे येत आहेत. काही विकले जातात, काही भावंडांत वाटले जातात आणि बऱ्याच इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यात गेल्या काही वर्षांत मालमत्तेवरच्या भांडवली नफ्याचा नियम बदलला, नवी करप्रणाली आपोआप लागू होणारी झाली आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्यवहारांना जुनाच कायदा लागतो. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण मी इथे कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांकच वापरतो, कारण सीएपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहेत.

मुद्दा एकच आहे. अशा फ्लॅटवरचा कर रिटर्न भरताना ठरत नाही, करारावर सही होण्याआधी ठरतो. रिटर्न भरायच्या वेळी फक्त आकडेमोड उरते, आणि तोवर चुकलेलं दुरुस्त होत नाही.

फ्लॅट नक्की कोणाचा

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला ज्याचं नाव चढलं तो मालक, हा समज घरोघरी आहे. वडील गेले, नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव होतं, सोसायटीने त्याच्या नावे ट्रान्सफर केलं, झालं. पण नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४बी-१३ मध्ये नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. नामनिर्देशनामुळे वारसाहक्क बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही स्पष्ट केलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांचा हिस्सा सारखा. आईही हयात नसेल तर भाऊ-बहीण निम्मे-निम्मे.

कराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नफाही त्याच हिश्श्यांत विभागला जातो. गोंधळ होतो तो खरेदीदाराकडून. तो टीडीएस (किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) भरताना फक्त नॉमिनी भावाचा पॅन टाकतो, म्हणून भावाच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या त्याच्या व्यवहारांच्या वार्षिक नोंदीत) पूर्ण विक्री, समजा १ कोटी २० लाखांची, दिसते. भाऊ रिटर्नमध्ये निम्मी रक्कम दाखवतो आणि काही महिन्यांनी जुळत नसल्याची नोटीस येते. त्याहून वाईट म्हणजे दिवंगत वडिलांच्या पॅनवर टीडीएस भरला जाणं. तो पैसा काढून वारसांच्या नावावर आणायला महिने जातात. त्यामुळे करारनाम्यात प्रत्येक वारसाचं नाव, पॅन आणि टक्केवारीतला हिस्सा स्पष्ट लिहून घ्या आणि प्रत्येकाचा चेक वेगळा घ्या.

आणखी एक जुनी सवय इथेच मोडायला हवी. वडिलांचा फ्लॅट मिळाला की काही घरांत त्याचं भाडं एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) खात्यात दाखवतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतला हिस्सा मुलाला वारसाने मिळाला तर तो त्याचा वैयक्तिक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ठरवलं आहे. शिवाय ८७ए ची सवलत (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी) फक्त निवासी व्यक्तीला मिळते, एचयूएफला नाही. म्हणजे यातून फायदाही होत नाही आणि मागे प्रश्न मात्र लागतात.

हक्कसोड करण्याआधी थांबा

बहीण म्हणते, मला कटकट नको, तूच विक आणि माझे पैसे मला दे. मग तिच्याकडून भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं. वारसाने आलेल्या मालमत्तेत अशा नात्यांमध्ये महाराष्ट्रात मुद्रांक अवघा ५०० रुपये असतो, म्हणून ते सोपं वाटतं. भाऊ फ्लॅट विकतो आणि निम्मे पैसे बहिणीला देतो. भावाने नंतर भेट म्हणून दिलेल्या पैशावर बहिणीला कर नाही, हे खरं. पण पूर्ण नफा भावाच्या डोक्यावर येतो, आणि तो किती महाग पडतो ते आकड्यांत पाहू.

समजा फ्लॅट वडिलांनी १९८८ मध्ये २ लाख ४० हजारांना घेतला. १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत १४ लाख. १० डिसेंबर २०२५ ला विक्री १ कोटी २० लाखांना. वारस दोघं: भाऊ नोकरी करणारा, बहीण ऐरोलीत राहणारी, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. एकूण नफा १ कोटी ६ लाख.

दोघांनी मिळून विकलं तर प्रत्येकी ५३ लाख. एकट्याच्या नावावर आलं तर १ कोटी ६ लाख. कलम ५४ ईसीचे बॉण्ड, म्हणजे आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे, घेतले की तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही, पण ते एका व्यक्तीला ५० लाखांपर्यंतच घेता येतात. दोघं असतील तर मिळून १ कोटी. एकूण उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं की करावर १५% अधिभार लागतो. ५० लाख ते १ कोटीच्या दरम्यान १०%. शिवाय बहिणीला दुसरं उत्पन्न नसल्यामुळे नव्या प्रणालीतली ४ लाखांची मूळ मर्यादा तिच्या नफ्यातून वजा होते, कारण निवासी व्यक्तीला ही मुभा आहे. तिने ५० लाखांचे बॉण्ड घेतले तर उरतात ३ लाख. तेही मर्यादेच्या आत, म्हणजे कर शून्य. रिटर्न मात्र तिने भरायलाच हवं, कारण ती जबाबदारी बॉण्डची वजावट धरण्याआधीच्या उत्पन्नावर ठरते. हे सगळं एका हक्कसोडपत्राने हातचं जातं.

भावाला फ्लॅट ठेवायचाच असेल, विकायचा नसेल, तर हक्कसोड योग्य. विकायचाच असेल तर दोघांनी विक्रेते म्हणून सही करावी. बहिणीने पैसे घेऊन हक्क सोडला तर तो तिच्यापुरता विक्रीचा व्यवहार होतो आणि तिचा नफा त्याच दिवशी करपात्र होतो, हेही लक्षात असू द्या.

२००१ ची किंमत कुठून आणायची

वारसाने आलेल्या मालमत्तेत कालावधी वडिलांनी घेतल्यापासून मोजतात आणि किंमतही वडिलांचीच धरतात. इंडेक्सेशनही (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) वडिलांच्या काळापासून मिळतं, हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. १ एप्रिल २००१ च्या आधीची खरेदी असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो.

इथे एक मर्यादा आहे आणि ती सर्वाधिक चुकते. तो बाजारभाव त्याच दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे २००१ च्या रेडी रेकनरपेक्षा, जास्त धरता येत नाही. मूल्यांकन अहवालात १९ लाख आणि रेडी रेकनरने १५ लाख येत असतील तर १५ लाखच धरले जातात. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी २००१ चा दर मिळवायचा (ठाण्यातल्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयातून नक्कल मिळते), मग नोंदणीकृत मूल्यांककाकडे जायचं. त्याच्या अहवालात इमारतीचं वय, कार्पेट क्षेत्र, मजला, लिफ्ट आहे की नाही आणि त्या वेळच्या विक्रीच्या नोंदी असायला हव्यात. 'पूर्ण झालेली इमारत' एवढंच वर्णन, तीन ओळींचा निष्कर्ष आणि खाली शिक्का, असा अहवाल चौकशीत टिकत नाही.

मूळ करारनामा सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) काढा. अगदी जुन्या इमारतींत तर करारच नोंदलेला नसतो. तिथे सोसायटीची नोंद, शेअर सर्टिफिकेट आणि जुन्या पावत्या, असा पुरावा जोडावा लागतो. नवी मुंबईत यात सिडकोची भर पडते. जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची असल्याने वारसांची नावं सिडकोच्या नोंदीत चढलेली हवीत, नाहीतर विक्रीच्या वेळी व्यवहार तिथेच अडतो. सिडकोचं हस्तांतरण शुल्क, दलाली आणि सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम (महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये) विक्रेत्याने भरलं असेल तर नफ्यातून वजा होतं. पावती मात्र विक्रेत्याच्याच नावावर हवी.

२००१ नंतरच्या सुधारणांचा खर्च धरता येतो, पण बिलाशिवाय नाही. रंगरंगोटी म्हणजे सुधारणा नव्हे.

१२.५% की २०%

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर १२.५% झाला आणि इंडेक्सेशन गेलं. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला आणि एचयूएफला एक संरक्षण ठेवलं: जुन्या रीतीने, इंडेक्सेशनसह २०% ने जेवढा कर येतो त्यापेक्षा जास्त भरावा लागत नाही.

महागाई निर्देशांक २००१-०२ साठी १०० आहे, २०२५-२६ साठी ३७६. वरच्या उदाहरणात १४ लाखांचे होतात ५२,६४,०००. नफा ६७,३६,०००. त्यावर २०% म्हणजे १३,४७,२००. नव्या रीतीने १,०६,००,००० वर १२.५% म्हणजे १३,२५,०००. नवी रीत २२,२०० ने स्वस्त. पण हाच फ्लॅट १ कोटी ५ लाखांना गेला असता तर चित्र उलटं: जुन्या रीतीने १०,४७,२००, नव्या रीतीने ११,३७,५००.

२०२५-२६ मधल्या विक्रीसाठी हिशेबाची सोपी खूण अशी: विक्री किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.३६ पटींहून कमी असेल तर इंडेक्सेशन फायद्याचं, जास्त असेल तर १२.५%. २००१ नंतर घेतलेल्या घरांसाठी ही खूण चालत नाही, कारण निर्देशांक वेगळा. तिथे दोन्ही गणितं करावी लागतात. घर किंवा बॉण्डची सूट घेणार असाल तर तुलना सूट वजा केल्यानंतरच्या करावर करायची. आणि इंडेक्सेशनने तोटा दिसत असेल तर तो पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. संरक्षण फक्त कराच्या रकमेपुरतं आहे.

आता १२ लाखांचा प्रश्न, कारण निवृत्त मंडळींचा इथे हमखास घोळ होतो. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, ही ८७ए ची सवलत आहे, मूळ मर्यादा नव्हे. फ्लॅट विकल्याने एकूण उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं की ती सवलत पेन्शनवरही जाते. ८ लाख पेन्शन असलेल्या आजोबांना एरवी कर शून्य असतो. विक्रीच्या वर्षी ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्या ७,२५,००० वर १६,२५० रुपये आणि त्यावर ४% उपकर लागतो. रक्कम मोठी नाही, पण ती धरली नाही तर मागणीची नोटीस येते.

अग्रिम कराचंही तसंच. डिसेंबरच्या १० तारखेला विक्री झाली तर नफ्यावरचा कर १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत भरायचा. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्या निवासी व्यक्तीला अग्रिम करातून सूट आहे, ती रिटर्न भरताना भरू शकते.

टीडीएस: खरेदीदाराचं काम, विक्रेत्याची डोकेदुखी

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने १% कापायचा असतो. करारातली किंमत आणि मुद्रांक मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर. किंमत १ कोटी २० लाख आणि मुद्रांक मूल्य १ कोटी २४ लाख असेल तर टीडीएस १,२४,०००. (नफा मोजताना मात्र १०% पर्यंतचा फरक माफ आहे, म्हणून मुद्रांक मूल्य १ कोटी ३२ लाखांपर्यंत असलं तरी विक्री किंमत १ कोटी २० लाखच धरतात.) १ ऑक्टोबर २०२४ पासून ही ५० लाखांची मर्यादा सगळ्या खरेदीदार-विक्रेत्यांची मिळून बघतात. आपल्या वाट्याला ३० लाखच आले म्हणून टीडीएस नाही, हा युक्तिवाद आता चालत नाही.

हा टीडीएस भरायचा फॉर्म २६ क्यूबी प्रत्येक खरेदीदार-विक्रेता जोडीसाठी वेगळा. नवरा-बायको खरेदीदार आणि भाऊ-बहीण विक्रेते असतील तर चार फॉर्म. मुदत, ज्या महिन्यात पैसे दिले तो महिना संपल्यापासून ३० दिवस. डिसेंबरच्या पेमेंटसाठी ३० जानेवारी. उशीर झाला तर रोज २०० रुपये शुल्क, व्याज वेगळं. विक्रेत्याने ताबा देण्याआधी आपल्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात) नोंद आली का ते बघावं, फक्त चलनाच्या फोटोवर विसंबू नये. आणि करारापूर्वी पॅन-आधार जोडणी तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर १% राहत नाही, २०% होतो.

एखादं भावंड परदेशी स्थायिक असेल तर हे सगळंच बदलतं. त्याच्या हिश्श्यावर १% नाही, कलम १९५ (अनिवासीला दिलेल्या पैशावरचा टीडीएस) लागतं. नफ्यावर १२.५% आणि ४% उपकर मिळून १३%. नफा ५० लाखांच्या वर गेला तर अधिभारासह १४.३%. नफा किती हे खरेदीदाराला ठरवता येत नाही, म्हणून तो पूर्ण विक्री किमतीवर कापतो आणि पैसा परतावा येईपर्यंत अडकून पडतो. उपाय एकच: करारापूर्वी फॉर्म १३ भरून कमी दराचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून टोकन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीच अर्ज करा. खरेदीदाराला टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) आणि तिमाही २७ क्यू विवरण लागतं. १२.५% विरुद्ध २०% ही निवड अनिवासीला नाही. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासीच्या भारतातल्या रुपया खात्यात) येतात. तिथून बाहेर पाठवायला १५ सीए, १५ सीबी हे फॉर्म आणि आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा.

दुसरं घर किंवा बॉण्ड

घर विकून घर घेतलं तर कलम ५४ ची सूट. विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नफा २ कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरंही चालतात. नवीन घर विकणाऱ्याच्याच नावावर घ्या. मुलाच्या नावावर घेतलेल्या घराची सूट मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये नाकारली होती. तो निकाल कलम ५४एफ चा (घराशिवाय दुसरी मालमत्ता विकून घर घेण्याच्या सुटीचा) असला तरी महाराष्ट्रात उगाच धोका पत्करू नये. मुलाला सहखरेदीदार करा, पण पहिलं नाव आणि पैसा विकणाऱ्याचा असू द्या.

बॉण्डला सहा महिने. १० डिसेंबरच्या विक्रीसाठी १० जून २०२६ च्या आत. पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज करपात्र असतं. घर रिटर्नच्या तारखेपर्यंत घेता आलं नाही तर उरलेला नफा ३१ जुलै २०२६ च्या आत बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (असा नफा ठेवायच्या खास खात्यात) भरायचा. साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवून 'दोन वर्षांत घेतो' म्हटलेलं चालत नाही. ही चूक सगळ्यात जास्त पैसे घालवते. खातं बंद करताना फॉर्म जी वर आयकर अधिकाऱ्याची संमती लागते, म्हणून त्यात गरजेपेक्षा जास्त रक्कम टाकू नका.

पुनर्विकास: विकलं नाही, तरी प्रश्न आहेत

जुनं ४५० फुटांचं घर देऊन नवं ६०० फुटांचं मिळतं. वाढलेल्या किमतीवर 'इतर स्रोतांतून उत्पन्न' म्हणून कर लावण्याचा प्रयत्न खात्याने केला आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०२५ मध्ये तो मोडीत काढला: जुन्या घराच्या मोबदल्यात मिळालेलं घर म्हणजे कमी किमतीत मिळालेली मालमत्ता नव्हे. हा निर्णय न्यायाधिकरणाचा आहे, त्यामुळे कागद नीट ठेवणं अजूनही गरजेचं. जुन्या सदनिकेचा करार, विकास करार, पर्यायी जागेचा करार आणि ताबा पत्र एकाच फाईलमध्ये असू द्या.

कलम ४५(५ए) चं, म्हणजे विकास करारातला मालकाचा नफा कधी करपात्र होतो ते ठरवणाऱ्या कलमाचं, नाव सोसायटीच्या सभेत हमखास निघतं. ते जमीन-इमारतीची मालकी असलेल्या व्यक्तीला किंवा एचयूएफला लागतं. सोसायटीच्या नावावर जमीन असेल तर सभासदाने ते आपल्यावर ओढून घेऊ नये.

बाहेर राहण्यासाठी डेव्हलपर दरमहा जे भाडं देतो ते गैरसोयीची भरपाई आहे, उत्पन्न नव्हे, असं मुंबईच्या न्यायाधिकरणाने अनेकदा म्हटलं आहे. आईवडिलांकडे राहून ते पैसे वाचवले तरी. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर १९४-आय (भाड्यावरच्या टीडीएसचं कलम) खाली टीडीएस लागत नाही असंही सांगितलं. तरी काही डेव्हलपर १०% कापतात. सभासदाने पहिल्याच महिन्यात लेखी हरकत घ्यावी. एकदा कापला की २६एएसमध्ये ते 'भाडं' म्हणून दिसतं आणि दरवर्षी खुलासा करत बसावं लागतं. करारात या रकमेचं नाव 'विस्थापन भरपाई' असं असेल तर पुढचा वाद कमी होतो.

हक्काच्या जागेपेक्षा जास्त चौरस फूट पैसे देऊन घेतले तर ती वेगळी खरेदी. तिच्यावर मुद्रांक, जीएसटी सगळं लागतं. मोफत मिळालेल्या हक्काच्या जागेच्या करारावर मात्र खरेदीसारखं मुद्रांक शुल्क मागता येत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२३ चा निर्णय. नवं घर लगेच विकायचं असेल तर कालावधी कुठून मोजायचा यावर वाद होऊ शकतो. शक्य असेल तर ताबा मिळाल्यापासून २४ महिने थांबा.

वडिलांच्या नावाने देणगी

फ्लॅट विकला की त्यातले काही लाख वडिलांच्या नावाने वाचनालयाला, शाळेला, रुग्णालयाला द्यावेत असं अनेकांच्या मनात असतं. द्यावेतच. पण त्याने फ्लॅटवरचा कर कमी होत नाही. कलम ११२ च्या, म्हणजे अशा दीर्घ मुदतीच्या, नफ्यातून ८०जी ची (देणगीवरची) वजावट मिळतच नाही, प्रणाली जुनी असो की नवी. नव्या प्रणालीत तर पगार-पेन्शनवरही ८०जी नाही. जुनी प्रणाली निवडलेल्यांना बाकीच्या उत्पन्नावर मिळते, पण रोख २,००० रुपयांपर्यंतच. त्यापुढे चेक किंवा बँक ट्रान्सफर.

वडिलांच्या नावाने स्वतःचा ट्रस्ट काढण्याचा विचार असेल तर आधी त्याचा व्याप समजून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, आयकरात फॉर्म १०ए ने तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी, काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत नियमित नोंदणीसाठी १०एबी, दरवर्षी ८५% उत्पन्न खर्च करण्याचं बंधन. मर्यादेवर उत्पन्न गेलं की १०बी किंवा १०बीबी ऑडिट. देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत १०बीडी ने, चुकलं तर रोज २०० रुपये. लहान ट्रस्टना अलीकडे नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची मिळते, तेवढा दिलासा. पण नूतनीकरण विसरलं तर साठलेल्या मालमत्तेवर ११५टीडी खाली सर्वोच्च दराने कर लागू शकतो. वर्षाला दोन-तीन लाखांच्या कामासाठी हा डोलारा उभारू नये. गावातल्या किंवा ठाण्यातल्या चांगल्या चालणाऱ्या संस्थेला कायम निधी द्यावा.

तो देताना चेकसोबत एक पत्र जोडायचं, तेवढं पुरतं. त्यात संस्थेचं नाव आणि पॅन, चेक क्रमांक, रक्कम, आणि हे वाक्य: 'ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी, मुद्दल खर्च करू नये, त्याच्या व्याजातून दरवर्षी अमुक कामासाठी वडिलांच्या नावाने खर्च करावा.' हे वाक्य नसेल तर ती साधी देणगी ठरते आणि संस्थेला तिचे ८५% त्याच वर्षी खर्च करावे लागतात. पत्राची एक प्रत संस्थेच्या शिक्क्यासह परत घ्या. जुन्या प्रणालीत वजावट घेणार असाल तर जूनमध्ये १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या, साध्या पावतीवर वजावट मिळत नाही.